जाऊबाई गँडरला उतरल्या

“अगं, ऐकलंस का? आमची धाकटी जाऊ काल टोरांटोला यायची, ती गँडरला उतरली!”

शैलाताईंचा आवाज आला, शैलाताई दिसल्या नाहीत. आमच्या दोघींच्या मधल्या लाकडी कुंपणावर त्यांचा दुधीचा वेल असा माजलाय, की पलीकडचं माणूस निम्मं झाकलं जातं. वेल त्यांचा, पाणी त्यांचं, आणि दुधी लोंबतात ते नेमके माझ्या अंगणात. हा तंटा जुना आहे. तो मिटावा अशी माझी मुळीच इच्छा नाही, कारण दुधी मी खाते.

टोरांटोजवळच्या आमच्या मालटनात ऑगस्टमध्ये घरात कोण बसतं? हिवाळाभर बर्फ उपसायचा आणि हे चार दिवस मिळाले की मेथी, मिरच्या, अळू लावून घ्यायचं. पिअर्सन विमानतळ इतका जवळ, की उतरणारं विमान डोक्यावर आलं की तोंडातलं वाक्य तसंच धरून ठेवायचं आणि ते गेलं की पुढे चालू करायचं. नवीन पाहुण्यांना वाटतं, आमचं भांडण झालंय.

“गँडर म्हणजे कुठे हो?”

“न्यूफाउंडलंडला! कॅनडाचं पार पूर्वेचं टोक. ही डोंबिवलीला माहेरी गेलेली. मुंबईहून निघाली, युरोपात विमान बदललं, अटलांटिक ओलांडला. आता तीन तासांत घर म्हणून केसबिस विंचरून बसली, तर कॅप्टन सांगतो, इंधनाचा हिशेब जुळत नाहीये, खबरदारी म्हणून जवळच्या विमानतळावर उतरतोय.”

“अगं बाई! गळत होतं की काय?”

“कसलं गळतंय! चार तास विमानातच डांबून ठेवलं. पाण्याची एक बाटली आणि दोन बिस्किटं. मेकॅनिक आले, शिडी लावली, टॉर्च मारला, काय काय उघडून बघितलं, आणि शेवटी म्हणे, इंधन ठीक आहे, मोजणारं यंत्रच बिघडलंय. म्हणजे नुसत्या शंकेपायी अडीचशे माणसं रात्रभर लटकली! इकडे भावोजी पार्किंगमध्ये. बायको सुखरूप आली ह्याचा आनंद की पार्किंगच्या बिलाचं दुःख, चेहऱ्यावरून काही कळेना.”

“बरं झालं उतरवलं,” शैलाताईंच्या मागून आवाज आला.

हे नाना. शैलाताईंचे सासरे. उन्हाळ्यापुरते इथे येतात, एरवी वसईला असतात. नोकरीची सगळी वर्षं वसईहून लोकलनं सांताक्रूझला गेले, विमानदुरुस्तीच्या हँगरात. त्यामुळे डोक्यावरून विमान गेलं की आपण कान झाकतो आणि नाना मान वर करून कान देतात. आत्ता ते फोल्डिंगच्या खुर्चीत बसून मेथी निवडत होते.

“तुम्ही विमानवाल्यांचीच बाजू घेणार, नाना,” शैलाताई म्हणाल्या. “उपाशी कोण बसलं? तुमचीच सून ना?”

“उपाशी ठेवलं ते वाईटच. त्याची बाजू मी कुठे घेतोय? उतरवलं ते बरं केलं म्हणतोय. अगं, विमानातल्या इंधनाचं बिनसलं तर ते काही दवंडी पिटत येत नाही. धूर नाही, आवाज नाही. एक आकडा जरा इकडचा तिकडे दिसतो, बस. तो आकडा खोटा की खरा, हे वर बसलेल्याला कळत नाही. खाली उतरल्यावरच कळतं.”

मी दुधीची पानं बाजूला सारून कुंपणात तोंड जाईल एवढी खिडकी केली. नाना असे सुरू झाले की कढईखालचा गॅस बंद करून यावं लागतं. मी तो आधीच केला होता.

नानांचं म्हणणं, इंधनाची दुखणी तीन जातीची. एक, इंधन कमीच भरलं. दोन, भरलं पण गळालं. तीन, भरलं, गळालंही नाही, पण त्यात घाण होती. तिसऱ्या जातीवर नानांचा विशेष जीव, कारण ते पकडण्याचं काम ते स्वतः करायचे. मेथी बाजूला ठेवून त्यांनी शैलाताईंकडून लोणच्याची रिकामी बरणी मागवली आणि उन्हाला धरली.

“पाणी इंधनापेक्षा जड. ते टाकीच्या तळाला बसतं. म्हणून विमान रात्रभर उभं राहिलं की सकाळी पंखाखालच्या ड्रेनमधून थोडं इंधन अशा बरणीत काढायचं. उजेडाला धरायचं. स्वच्छ दिसलं पाहिजे, चमकलं पाहिजे, गढूळपणा नको, तळाशी थेंब नकोत. मग सिरिंजच्या तोंडाला एक पिवळी कॅप्सूल लावायची आणि तिच्यातून इंधन ओढून घ्यायचं. पिवळी राहिली तर पास. हिरवट झाली की पाणी आहे. विमान जाग्यावर उभं.”

“आणि साहेब ओरडला तर?”

“ओरडायचाच. तो त्याच्या कामाचा भाग होता. आम्ही बरणी त्याच्या नाकाखाली धरायचो.”

२०१० सालची एक गोष्ट त्यांनी ह्याच ओघात सांगितली. इंडोनेशियातल्या सुराबायाहून हाँगकाँगला निघालेलं कॅथे पॅसिफिकचं विमान. सुराबायाच्या विमानतळावर जमिनीखालच्या इंधनवाहिन्यांचं काम चाललं होतं आणि त्यात खारं पाणी शिरलं. पाणी अडवायला गाळण्यांमध्ये एक पाणी शोषणारी भुकटी असते. खाऱ्या पाण्यानं तिचा विचका झाला, तिचे बारीक गोळे इंधनाबरोबर विमानात गेले आणि इंजिनांचे व्हॉल्व्ह अडकले. हाँगकाँगला उतरताना एक इंजिन रांगत होतं आणि दुसरं वेग कमीच करेना. ताशी सव्वाचारशे किलोमीटरच्या वेगानं चाकं टेकली. ब्रेक तापून पेट घेतील की काय अशी वेळ आली. घसरगुंडीवरून उतरताना बरीच माणसं खरचटली, पण गेलं कुणी नाही.

“कसली भुकटी म्हणालात?”

“तान्ह्या पोरांच्या डायपरमध्ये असते ना, तीच जात.”

शैलाताईंनी कपाळाला हात लावला. “आणि हे वर उडत होतं!”

“वर जाताना त्यांनाही एक आकडाच डुगडुगताना दिसला होता. इंजिन किंचित अडखळतंय, एवढंच.”

विमान आलं. आम्ही तिघं थांबलो. ते गेल्यावर नानांनी हात झटकले आणि म्हणाले, “पण खरी गोष्ट तुमच्या ह्या टोरांटोचीच आहे. ह्याच पिअर्सनवरून उडालेली. एअर ट्रान्सॅट कंपनीची फ्लाइट, ट्रान्सॅट २३६.”

नाव काढायचा अवकाश, मागच्या कुंपणावरून एक पांढरं डोकं वर आलं. आमच्या दोन्ही अंगणांच्या पाठीला लागून एका पोर्तुगीज आजींचं अंगण आहे. त्या पुरुषभर उंचीचा केल लावतात आणि गॅरेजवर द्राक्षांचा मांडव चढवतात. टोरांटोकडचे पोर्तुगीज बहुतेक अझोरेस बेटांवरचे. ह्या आजी तेर्सेरा बेटावरच्या. मराठी त्यांना येत नाही, पण आमच्या बोलण्यातून ‘ट्रान्सॅट’ त्यांनी बरोबर उचललं आणि इंग्रजीतून म्हणाल्या, “त्या विमानात आमचीच माणसं होती. सुट्टीला गावी निघालेली.”

शैलाताईंना ह्या आजींची फिरकी घ्यायला फार आवडतं. “तुम्हाला आमच्या चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसईतून काढलं, आणि आता बघा, इथे कुंपणाला कुंपण!” हे त्या आजींना बरेचदा ऐकवतात. आजी दर वेळी हसतात आणि दर वेळी केलची जुडी देतात. आज तो विषय निघाला नाही. आजी कोपर टेकून उभ्या राहिल्या आणि गोष्ट दोन बाजूंनी सुरू झाली. विमान नानांचं, बेट आजींचं.

२३ ऑगस्ट २००१, गुरुवारची रात्र. नऊच्या आत विमान टोरांटोहून लिस्बनला निघालं. एअरबस ए-३३०, दोन इंजिनांचं. आत २९३ प्रवासी आणि १३ कर्मचारी. कॅप्टन रोबेर पिशे, क्वेबेकचा. शेजारी फर्स्ट ऑफिसर डर्क दे यागर, वयानं बराच लहान. टाकीत ४७ टनांच्या आसपास इंधन, नियमाला लागतं त्यापेक्षा काही टन जास्तच. अटलांटिकवर गर्दी होती, म्हणून त्या रात्री त्यांना जरा दक्षिणेची वाट मिळाली होती.

“ही गोष्ट लक्षात ठेव,” नाना मला म्हणाले. “दक्षिणेची वाट.”

चार तासांनी उजव्या इंजिनाच्या तेलाचे आकडे विचित्र दिसायला लागले. तेलाचं तापमान कमी, दाब जास्त. दोघांनी मॉन्ट्रियलकडच्या देखभाल विभागाला रेडिओवरून विचारलं. त्यांनाही उलगडा होईना. लक्ष ठेवा म्हणाले. आता ह्यातली मेख नानांनी सांगितली, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इंजिनाचं तेल थंड करायला इंधनच वापरतात; दोन्ही शेजारून वाहतात आणि तेलाची उष्णता इंधन घेतं. इंधन जेवढं जास्त वाहील तेवढं तेल गार. म्हणजे गार तेल सांगत होतं की ह्या बाजूनं भलतंच इंधन वाहतंय. पण तेलाच्या आकड्यावरून इंधनाच्या गळतीपर्यंत कोण पोचणार, रात्री, समुद्रावर, सगळं सुरळीत चाललेलं असताना?

“तुम्ही पोचला असता?” शैलाताईंनी विचारलं.

“नसतो पोचलो,” नाना लगेच म्हणाले.

पुढे अर्ध्या तासानं संगणकानं सांगितलं की दोन पंखांमधल्या इंधनाचा तोल गेलाय, उजवीकडे कमी आहे. ह्यावर ठरलेला उपाय असतो. क्रॉसफीडचा व्हॉल्व्ह उघडायचा, म्हणजे डावीकडचं इंधन उजवीकडच्या इंजिनाला मिळतं आणि तोल सावरतो. तो उपाय वैमानिकांच्या तोंडपाठ होता. पुस्तक न उघडता त्यांनी तो केला. पुस्तकात मात्र त्याच पानावर ताकीद होती: गळतीचा संशय असेल तर हे करू नका.

“म्हणजे गळक्या पिंपात चांगल्या पिंपातलं पाणी ओतायला घेतलं!” शैलाताई.

“तेच. उजव्या इंजिनापाशी इंधनाची नळी फुटली होती. सेकंदाला जवळजवळ चार लिटर बाहेर जात होतं. त्यात डावीकडचंही सोडलं. हा नळ उघडला नसता तर डाव्या पंखातलं डाव्या इंजिनाला पुरलं असतं आणि एका इंजिनावर ते बेटापर्यंत आरामात गेले असते.”

“मग तुमचा तो पिशे कसला शूर?”

“थांब की. त्याच दहा मिनिटांत त्यानं दुसरंही एक काम केलं.”

इंधन इतक्या वेगानं संपणं शक्यच नाही, संगणकच चुकतोय, असं त्यांना वाटत होतं. केबिनमधून पंखाकडे बघायला सांगितलं, अंधारात काही दिसलं नाही. गळतीवर विश्वास बसत नव्हता. आणि तरीही, विश्वास बसत नसतानाच, त्यांनी विमान वळवलं. लिस्बन सोडून अझोरेसच्या तेर्सेरा बेटावरच्या लाजेस तळाकडे. वळवलं तेव्हा दोन्ही इंजिनं व्यवस्थित चालू होती. मिळालेली दक्षिणेची वाट तिथे उपयोगी पडली. नेहमीच्या वाटेवरून ते बेट आणखी लांब पडलं असतं.

मला विचारलंत तर ह्या गोष्टीतला कळीचा क्षण हाच. नंतर जे झालं ते थरारक आहे, सिनेमात शोभेल असं आहे, पण माणसं वाचली ती इथे. खात्री होईपर्यंत थांबले असते तर खात्री झाली असती आणि खाली फक्त पाणी असतं.

“मग?” आजींना सगळं माहीत होतं, तरी मान पुढे करून त्याच विचारत होत्या.

मग उजवं इंजिन बंद पडलं. तेरा मिनिटांनी डावंही. बेट अजून सव्वाशे किलोमीटर लांब आणि विमान साडेचौतीस हजार फुटांवर, इंजिनाशिवाय. दिवे गेले. अशा वेळी विमानाच्या पंखाखालून एक छोटा पंखा वाऱ्यावर बाहेर येतो, रॅट म्हणतात त्याला. त्याच्यावर जेमतेम वीज आणि सुकाणू चालतं. प्रवाशांनी लाइफ जॅकेट चढवली. समुद्रात उतरायची तयारी चालली होती. एकोणीस मिनिटं विमान नुसतं तरंगत खाली येत होतं. इंजिनाच्या जोरावर चालणारं प्रवासी जेट इतका वेळ असं कधीच तरंगलं नव्हतं. तो विक्रम अजून मोडलेला नाही.

“माझ्या बहिणीनं ते पाहिलं नाही,” आजी म्हणाल्या, “पण आवाज नसलेलं विमान आलं असं सकाळी सगळा गाव सांगत होता.” ह्यातलं किती खरं, किती गावाचं, ते सोडून द्या. लाजेसचा तळ मात्र मोठा, पोर्तुगालचं हवाई दल आणि अमेरिकन हवाई दल दोघांचा, आणि धावपट्टी तीन किलोमीटरची. नशीब.

बेटापाशी पोचले तर उलटंच झालं. उंची जास्त उरली! इंजिन नसलेल्या विमानाला दुसरी संधी नसते, त्यामुळे लांबून जाणंही परवडत नाही आणि पुढे निघून जाणंही नाही. पिशेनं एक पूर्ण गिरकी घेतली, मग नागमोडी वळणं घेत उंची घालवली. २४ तारखेच्या सकाळी पावणेसातला, तिथे उजाडत असताना, ताशी ३७० किलोमीटरच्या वेगानं चाकं आपटली, विमान उसळलं, पुन्हा टेकलं आणि ब्रेक करकचून दाबले. टायर फुटले. धावपट्टीचा चौथा हिस्सा शिल्लक असताना थांबलं. ३०६ जणांपैकी १८ जखमी झाले, दोघं जरा जास्त. बाकी सगळे धड.

“देवाची कृपा,” आजींनी छातीवर क्रूस काढला.

“देवाची आहेच,” नाना म्हणाले, “पण नळी कुणी कापली ते ऐका.”

इथे नाना आवाज खाली आणतात. हँगरमधल्या माणसांबद्दल बोलताना ते नेहमी तसंच बोलतात, घरातली भानगड सांगावी तसं. काही दिवस आधी ह्या विमानाचं उजवं इंजिन बदललं होतं. उसनं आलेलं इंजिन जुन्या ठेवणीचं. त्याच्यावर हायड्रॉलिक पंप नव्हता, म्हणून काढलेल्या इंजिनावरचा बसवायला घेतला. तो नव्या ठेवणीचा. दोन नळ्या नीट बसेनात. मुख्य मेकॅनिकला खटकलं होतं. पण विमान हवं होतं, वेळ नव्हता, आणि कसंबसं अंतर राखून काम पुरं केलं. ते अंतर किती, तर मिलिमीटरमध्ये मोजावं एवढं. हायड्रॉलिकची नळी दाबानं थरथरली, इंधनाच्या नळीला घासत राहिली आणि समुद्रावर ती फाटली.

“शंका तीनदा आली,” नाना म्हणाले. “एकदा हँगरात. ती दाबली. एकदा गार तेलात. ती ओळखू आली नाही. तिसऱ्यांदा इंधनाच्या आकड्यात, आणि त्या वेळी कुणीतरी विमान वळवलं. आमच्या धंद्यात पहिल्या शंकेला काम थांबवलं असतं तर त्या पिशेचं नावही कुणाला कळलं नसतं.”

पोर्तुगालच्या चौकशीतही दोन्ही गोष्टी आल्या. दुरुस्तीतली चूकही आली आणि क्रॉसफीड उघडल्याचीही. कॅनडानं कंपनीला अडीच लाख डॉलर दंड ठोकला. एअरबसच्या वैमानिकांच्या पुस्तकात बदल झाला: इंधनाचा तोल गेलेला दिसला तर आधी टाकीत आहे ते आणि जळलं ते, ह्यांची बेरीज करून बघा, मग व्हॉल्व्हला हात लावा. मला तरी वाटतं, पिशेच्या सत्कारांपेक्षा ही बेरीज जास्त मोलाची.

सत्कार मात्र झाले हो. क्वेबेकनं त्याला डोक्यावर घेतलं. आणि डोक्यावर घेतलेल्या माणसाचं पुढे काय होतं ते शैलाताईंना पाठ आहे.

“काहीतरी निघालं असणार,” त्या म्हणाल्या.

निघालंच. वर्तमानपत्रांनी खोदलं तर तरुणपणी, १९८३ साली, ह्या कॅप्टननं लहान विमानातून अमेरिकेत गांजा नेला होता आणि जॉर्जियात तुरुंगात होता. ते त्यानं नाकारलं नाही. त्याच्यावर २०१० साली क्वेबेकमध्ये सिनेमा निघाला, त्यातही ते आलं.

“तुरुंगात जाऊन आलेल्याच्या हातात विमान!” शैलाताई.

“तीनशे माणसं त्याच हातांनी खाली आणली,” आजींनी बजावलं. ह्या दोघी इथे बराच वेळ अडकल्या असत्या; एक विमान डोक्यावर आलं म्हणून सुटलो.

मी मधेच विचारलं की कॅनडात ह्याआधीही असं झालं होतं ना, गिमलीला? नानांनी हात झटकून टाकला. त्यांना ती गोष्ट आवडत नाही, कारण तिच्यात नळीही नाही आणि बरणीही नाही, फक्त गणित आहे. जुलै १९८३. एअर कॅनडाचं नवं बोइंग ७६७. देश नुकताच मेट्रिकवर चाललेला, इंधनाचे मापक बंद. टाकीत पट्टी बुडवून लिटर मोजले, आणि लिटरचे किलो करताना गुणायचा आकडा पौंडांचा घेतला. हवे होते २२,३०० किलो, गेले २२,३०० पौंड, म्हणजे निम्म्याहूनही कमी. ४१ हजार फुटांवर इंधन संपलं. विनिपेगकडे वळले, तेवढंही जमेना, म्हणून मॅनिटोबात गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. तिथे त्या दिवशी मोटारींच्या शर्यती! कॅप्टनचं नाव बॉब पिअर्सन. आपल्या विमानतळाचं नाव त्याच्यावरून नाही, पंतप्रधान पिअर्सन ह्यांच्यावरून आहे. इथे नवा आलेला प्रत्येक जण ही गल्लत करतो. कुणी दगावलं नाही. विमान दुरुस्त करायला विनिपेगहून मेकॅनिकांची गाडी निघाली, आणि सांगतात की वाटेत तिचंच इंधन संपलं.

ह्यावर नाना हसले. मेकॅनिकांची फजिती दुसऱ्या कंपनीची असली की ते हसतात.

“गँडरला पण हसू नका,” ते मग शैलाताईंना म्हणाले. “समुद्र ओलांडणाऱ्या दोन इंजिनांच्या विमानाला नेहमी अमुक वेळेत पोचता येईल असा विमानतळ नजरेच्या टप्प्यात ठेवावाच लागतो. ह्या बाजूला गँडर, त्या बाजूला आयर्लंडचं शॅनन, वर आइसलँडचं केफ्लाविक, खाली लाजेस. ट्रान्सॅटनंतर तीन आठवड्यांच्या आत अमेरिकेवर हल्ला झाला तेव्हा ह्याच गँडरला ३८ विमानं उतरली. गावकऱ्यांनी हजारो माणसांना जेवू घातलं.”

“त्या गावकऱ्यांना विमानात पाठवायला हवं होतं!” शैलाताई म्हणाल्या. “आमच्या जावेला दोन बिस्किटं मिळाली!”

आता बोला. त्यांचा मुद्दा काही चुकीचा नव्हता. जावेनं तर विमान कंपनीला पाठवायला रागानं पत्र लिहून ठेवलं होतं, शैलाताईंनी फोनवर मला दाखवलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच तक्रार: काही बिघडलेलं नसताना विमान उतरवलं, म्हणून भरपाई द्या. बिस्किटांचा उल्लेख अगदी शेवटी, तोही जाता जाता.

ते पत्र मी आणि नानांनी मिळून कुंपणापाशीच उलटं केलं, आणि जे आम्ही शैलाताईंना सांगितलं तेच तुमच्याकडे कुणी भारतातून येणार असेल तर तुम्हालाही सांगते. कॅनडात २०१९ पासून प्रवाशांसाठी नियम आहेत आणि ते इथे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या विमानांना लागू आहेत. सुरक्षेसाठी विमान उतरवलं किंवा थांबवलं तर रोख भरपाई मिळत नाही, त्यामुळे त्यावर शाई वाया घालवू नये. पण विमान इथल्या कुठल्याही विमानतळावर जमिनीवर अडकून पडलं तर खाणंपिणं, चालू संडास आणि हवा द्यावीच लागते, आणि तीन तास झाले की, लगेच उडणार नसेल तर, प्रवाशांना खाली उतरू द्यावं लागतं. जावेला चार तास बसवलं होतं. तक्रार बिस्किटांची आणि चौथ्या तासाची करायची. आधी कंपनीला लिहायचं, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर कॅनेडियन ट्रान्सपोर्टेशन एजन्सीकडे जायचं. बोर्डिंग पास जपून ठेवायचा.